शंभर टक्के शुद्ध गॅरिटी फॅक्टर

मेलबर्न, ६ जून १९८३, सकाळी ९
प्रयोगाच्या बशीत ८४ पुंजके! उंदराच्या अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी, ज्यांच्यापासून पुढे रक्त होतं, माझ्या अर्काच्या एका थेंबावर अशा फोफावल्या. अर्काला माझंच आडनाव दिलं : गॅरिटी फॅक्टर. दुसरं सुचलं नाही. ऑगस्टात ॲडलेडला परिषद. तोवर अर्क शंभर टक्के शुद्ध करणार. संकल्प : शेजारच्या लॅबमधल्या नोएल ट्रँटरला चकार शब्द सांगायचा नाही.

१५ जून
अर्क एकदा शुद्ध केला. पुंजके ३१. चहाच्या वेळी नोएलला सगळं सांगितलं, पण त्रोटक. तो म्हणाला, अरे लीथ, शुद्ध करताना काहीतरी निघून जातंय, माझा फॅक्टर घालून बघ. त्याचा फॅक्टर! जेमतेम चार पुंजके उठवतो. मी नम्रपणे हसलो. माझी टेक्निशियन व्हुला म्हणते, ते नम्र वाटलं नाही.

२८ जून
आणखी शुद्ध. पुंजके ६. दोष उंदरांचा. इथे जून म्हणजे हिवाळा, त्यात यंदा थंडी फार, त्यांचं मन लागत नसावं. व्हुला म्हणाली, डॉक्टर, उंदरांच्या खोलीत हीटर आहे, थंडी आपल्याला आहे.

७ जुलै
पूर्ण शुद्ध. पुंजके शून्य. हातातला खिमा भरलेला मीट पाय तसाच टाकून बशी पुन्हा मोजली. शून्य मोजायला वेळ लागत नाही.
दुपारी ४ : आमच्या प्रमुख प्राध्यापकबाईंनी विचारलं, डिसेंबरनंतर तुमची नेमणूक कशाच्या जोरावर वाढवू? म्हटलं, शुद्धतेच्या. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.
घरी बायकोला, हेलनला, सांगितलं, सगळं शुद्ध चाललंय.

१९ जुलै
व्हुलाने मला न विचारता चार बशा लावल्या होत्या. नुसत्या पेशी : शून्य. माझा फॅक्टर : शून्य. नोएलचा : चार. दोन्ही एकत्र : १६२, आणि एकेक पुंजका भिंगाशिवाय दिसेल एवढा. शून्य आणि चार मिळून चारच व्हायला हवेत. व्हुला म्हणाली, तुमचा पेशींना तयार करतो, त्यांचा वाढवतो. एकट्याने कुणाचंच भागत नाही. सुरुवातीच्या कच्च्या अर्कात दोन्ही होते, एक तुम्हीच काढून टाकलात.
मला ही शंका होतीच. लिहायची राहिली.

२० जुलै
मोठ्या मनाने नोएलला माझ्या कामात घ्यायला गेलो. तो म्हणाला, बरं झालं आलास, मी आणि व्हुलाने शोधनिबंध लिहायला घेतलाय, तुझंही नाव घालू. प्राध्यापकबाईंनी नेमणूक वर्षभर वाढवली. अट : त्या दोघांच्या हाताखाली.
हेलनला सांगितलं, बढतीसारखंच आहे.

ॲडलेड, २५ ऑगस्ट
नोएल बोलला. प्रश्नांना व्हुलाने उत्तरं दिली. टाळ्या थांबेनात. माझ्याकडे स्लाइड बदलण्याची जबाबदारी. तिसरी उलटी लागली. नशीब, तिच्यावर पुंजके होते. कुठूनही गोलच.