उपासाच्या भरवशावर मिळालेल्या साठ रुपयांबाबत

प्रति,
मे. सेक्रेटरीसाहेब,
गिरणी कामगार सहकारी पतपेढी,
सोलापूर यांचे सेवेशी

अर्जदार : सौ. मायाक्का बिरप्पा कोळेकर, रीळखाते

विषय : जामीनदार सुंदरम्मा यांच्या पगारातील कपात थांबवून ती अर्जदार बाईच्या पगारातून करणे, तसेच शेळ्या रजिस्टरातून कमी करणे.

संदर्भ : अर्जदार बाईचा ता. ३ डिसेंबर १९३१ चा कर्जाचा अर्ज. (त्यातील मजकूर खोटा आहे.)

महोदय,

“चूल रिकामी असली तरी धूर निघाला पायजे, मायाक्का. घरातलं चाळीला कळू द्यायचं न्हाय,” असे अर्जदार बाईच्या सासूबाई कै. बाळाबाई शेवटच्या दुखण्यात सांगून गेल्या. ते तिने देवाच्या शब्दासारखे पाळले. त्यापायी जे घडले ते सेवेशी सादर आहे. अर्जनवीस आठ आणे मागतो, शिवाय त्याला हे सगळे तोंडाने सांगावे लागते. म्हणून रात्रीच्या वर्गात शिकलेल्या अक्षरात हा अर्ज तिने स्वतःच लिहिला आहे.

१. रातपाळी बंद झाल्यापासून अर्जदार बाईचे पती बदलीवर आहेत, म्हणजे कोणी गैरहजर असेल तरच काम. रोज सकाळी भाकरीचे फडके घेऊन गिरणीच्या दारावर उभे राहतात. महिन्यात दहा-बारा दिवस आत घेतले जाते. त्यांचा यात काही दोष नाही. घर चालेना तेव्हा अर्जदार बाईने गळ्यातले सोन्याचे मणी बाजारातील एका सावकाराकडे चाळीस रुपयांस ठेवले व त्या जागी पितळेचे ओवले. हे पतीस अद्याप ठाऊक नाही.

२. अर्जदार बाईचा सोमवार लहानपणापासूनचा आहे. तो देवाचा आहे. मणी गेल्यावर तिने शनिवार धरला, मग गुरुवार, मग दोन्ही पक्षांतल्या चतुर्थ्या. ज्या दिवशी पीठ पती व दोन मुले यांच्यापुरतेच असे, त्या दिवशी तिचा उपास असे. चाळीला पीठ दिसले नाही, देव दिसला. शेजारच्या बजाबाई म्हणत, “मायाक्काचं काय बाई, तिच्या वाटचं देवच जेवतोय!” बायका आपली लेकरे आणून तिच्या पायांवर घालीत. अर्जदार बाईने पाय मागे घेतले नाहीत.

३. पुढे सावकार मणी मोडायला निघाला. बाहेरचे देणे असणाऱ्यास पेढी कर्ज देत नाही, म्हणून अर्जात ‘दोन शेळ्या घेणेसाठी’ असे लिहविले. पंचांनी विचारले, “बाहेरचं काय देणं हाय का?” अर्जदार बाईने शपथेचा बेलभंडार उचलून नाही म्हटले. पंच कल्लप्पा लगेच म्हणाले, “लिवा की वो! आठवड्यातलं तीन दीस उपाशी ऱ्हाणारी बाई खोटं कशाला बोलंल?” त्यावरून ‘धार्मिक व विश्वासू’ असा शेरा पडला. रीळखात्यातल्याच सुंदरम्मांनी जामीन म्हणून अंगठा दिला. त्या विधवा आहेत, मागेपुढे कोणी नाही. त्यांचा हात धरून अर्जदार बाई म्हणाली होती, “अक्का, तुमच्या घासाला धक्का लागणार न्हाय.”

४. साठच्या साठ रुपये सावकाराच्या चाळिसांवर चढत गेलेल्या व्याजात व थोडे मुद्दलात गेले. मणी अजून तिकडेच आहेत. जानेवारीत पेढीचे कारकून शेळ्या पाहण्यास आले, तेव्हा त्या कुंभारी गावी भावाकडे चरायला ठेवल्याचे सांगितले. मार्चमध्ये त्यांनी फार मायेने चौकशी केली. तेव्हा नाही म्हणवेना. एक शेळी व्याली असे तोंडातून गेले. रजिस्टरात आज दोन शेळ्या व तीन करडे आहेत. सदर शेळ्या नाहीत. करडेही नाहीत. अर्जदार बाईस भाऊही नाही.

५. मे महिन्यात रीळखात्यातील निम्म्या बाया कमी केल्या, त्यात अर्जदार बाईचे नाव गेले. नियमाप्रमाणे दरमहा दोन रुपयांचा हप्ता सुंदरम्मांच्या पगारातून कापला गेला. मे, जून, जुलै मिळून सहा रुपये. त्या उलट म्हणाल्या, “देवाचं मानूस तुमी. तुमच्याकडं पैशे बुडत न्हाईत.” एक ऑगस्टपासून अर्जदार बाईचे नाव पुन्हा हजेरीपटावर आले आहे, परंतु जामीनदाराकडे वळलेला हप्ता अर्ज केल्याशिवाय परत फिरत नाही असे समजते.

६. गेल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सुंदरम्मांनी फडके सोडले नाही. फडके आणलेच नव्हते. विचारले तर हसून म्हणाल्या, “मी बी गुरुवार धरला, तुमचं बघून.” आणि वर तीन तांबे पाणी प्याल्या. साहेब, अर्जदार बाईस उपास ओळखता येतो. देवाच्या उपासाला माणूस इतके पाणी पीत नाही.

तरी कृपावंत होऊन,

सुंदरम्मांची कपात याच पगारापासून बंद करावी व दरमहा तीन रुपये अर्जदार बाईचे कापावेत. त्यांचे गेलेले सहा रुपये अर्जदार बाईच्या दहा रुपयांच्या शेअरातून त्यांना परत द्यावेत. शेळ्या व करडे खोडावीत. ‘धार्मिक व विश्वासू’ हा शेराही खोडावा. त्या जागी काय लिहायचे ते साहेबांनी ठरवावे. सभासदत्व गेल्यास तक्रार नाही. दाराच्या फळ्यावर नोटीस लावायची तर लावावी, फक्त उद्या लावावी. मण्यांचे आज घरी सांगायचे आहे. खोट्या बेलभंडाराचे काय ते देवाकडे. त्याबद्दल पेढीकडे काही मागणे नाही.

आज गुरुवार आहे. अर्जदार बाईने आज उपास धरलेला नाही. फडक्यात चार भाकरी व शेंगाची चटणी आहे. हा अर्ज पेढीच्या पेटीत टाकून ती सुट्टीत रीळखात्यामागच्या लिंबाखाली, सुंदरम्मांकडे जाणार आहे. आधी दोघींनी जेवायचे आणि मग सांगायचे, असे ठरविले आहे. आधी सांगितले तर त्या जेवणार नाहीत.

आपली नम्र व अपराधी,
मायाक्का बिरप्पा कोळेकर
(सही स्वतःच्या हातची)

सोलापूर, गुरुवार, ता. ११ ऑगस्ट १९३२

सोबत : शेअरची पावती एक. शेळ्यांच्या कानांत घालण्यास पेढीने दिलेले पितळी बिल्ले दोन, न वापरलेले.