मीठ कमी हाय

बाबा, गावातल्या समाजमंदिरात तुमचा फोटो लावायचा आहे, म्हणून सरपंचाचा फोन आला होता. "बाई, भाऊवर दोन शब्द लिहून पाठवा, आमी वाचून दाखवू." गावाचे भाऊ म्हणजे तुम्हीच. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गावात लग्न निघालं की तुमचं नाव निघतंच. लिहायला बसले खरी, पण गोड शब्द काही सुचेनात. म्हणून आधी तुम्हालाच लिहिते. निदान मन तरी मोकळं होईल.

गावाला ठाऊक असलेला माणूस मलाही ठाऊक आहे. दिवसभर तालुक्याच्या गावी, मूलला, राईस मिलमध्ये पोती वाहायची, संध्याकाळी सायकल हाणत गावी यायचं आणि कुणाकडे कार्य असलं की अंगावरचा कोंडा धुऊन थेट भट्टीपाशी उभं राहायचं. अख्ख्या गावाची वांग्याची भाजी तुमच्या हातची, आणि त्याबद्दल घ्यायचं काय, तर नारळ आणि दुपट्टा. नैवेद्याचं पान निघेपर्यंत अन्न उष्टं करायचं नाही, म्हणून तुम्ही भाजी कधी चाखली नाही. कढईवर वाकायचं, वाफ नाकात ओढायची आणि सांगायचं, "अजून एक मूठ मीठ टाक." भाजी कधी बिघडली नाही, हे मला मान्य आहे. पंगतीत फिरताना तुमची जीभ साखरेची. "पोरी, लाजू नोको, पोटभर जेव," असं तुम्ही परक्या पोरींना म्हणायचात, तेव्हा मी त्याच पंगतीत बसलेली असायचे.

तेच नाक घेऊन तुम्ही घरी यायचात. मी आठवीत आहे. आई ताट वाढते आणि स्वतः न बसता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते. तुम्ही ताटावर मान वाकवता, एकदा श्वास घेता आणि घास न घेताच म्हणता, "मीठ कमी हाय." ओरडत नाही, ताट फेकत नाही, तसं केलं असतं तर गावाला निदान कळलं तरी असतं. आई मिठाचा डबा आणून ठेवते. तुम्ही चिमूटभर मीठ घेता, जेवता, उठता. मग आई उरलेलं खाते, खाली मान घालून. दुसऱ्या दिवशी ती मीठ जास्त घालते, तरी वाक्य तेच. एकदा मी विचारलं, "आई, तू काऊन काही म्हनत नाई?" ती म्हणाली, "त्याईच्या नाकाले सारा गाव मानते. मी कोन होय?" हे ऐकलं त्या दिवसापासून मला तुमचा राग आहे बाबा, आणि तो उतरलेला नाही.

माझ्या लग्नात तर तुम्ही कमालच केलीत. ऐन हळदीच्या दिवशी तापानं तुम्ही आडवे झालात आणि लग्नाची भाजी आईनं केली. पदर खोचून, धुरानं डोळे लाल करून, एकटीनं. तुम्ही पंगतीच्या वेळी उठून आलात. लोक बोटं चाटत म्हणत होते, "भाऊ, आजची भाजी तं मागच्या सगळ्याईहून भारी." आई वरणाची बादली घेऊन तिथेच उभी होती. तुम्ही हात जोडलेत आणि हसलात. बस्स. शालू नेसलेली मी तुमच्याजवळ आले आणि विचारलं, "आईनं केली हे सांगितलं काऊन नाई?" तुम्ही म्हणालात, "लोक जेवले ना पोटभर? मंग?" तुमच्या लेखी विषय संपला होता. सासरी जाताना मी रडले ते तुमच्यासाठी, असं गावाला वाटलं. गावाला तुमच्याबद्दल नेहमी असंच काहीतरी वाटत आलं.

मग तुम्ही गेलात. तेराव्या दिवशी, तुमच्या तेरवीला, तुमच्या हाताखाली शिकलेलेच भट्टीवर होते. तुमचं पान काढल्याशिवाय कुणी भाजी चाखायची नाही, आणि वासावरून मीठ ओळखणारे एकटे तुम्हीच. सगळे अडले. शेवटी त्यांच्यातला मोठा आईकडे आला. "बाई, भाऊ तं राह्यले नाई. तुमी त्याईच्यासंगं जिंदगी काढली. तुमीच सांगा." आई उठली, कढईवर वाकली, वाफ घेतली. आई म्हणाली, "मीठ कमी हाय."

त्यांनी मुठीवर मूठ टाकली. भाजी अशी खारट झाली की जिभेवर ठेववेना. पण भाऊची तेरवी, शिवाय बाईनं स्वतः सांगितलेलं. कुणी ब्र काढला नाही. सारा गाव एका घासाला एक पेला पाणी पीत मुकाट जेवला. आई पहिल्याच पंगतीत बसली आणि तिनं पान पुसून खाल्लं. रात्री मी तिला विचारलं, "मुद्दाम केलं का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मले का मालूम मिठाचं? मले कधी वास आलाच नाई. तुये बाबा रोज म्हनत, तेच म्हनलं." मी तोंडाला पदर लावून हसले, आणि मग मला रडू आवरेना. आयुष्यभर तिनं एकच निकाल ऐकला होता. कुणी विचारल्यावर सांगायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

आता ती माझ्याकडे चंद्रपूरला असते. स्वयंपाकाला मला हात लावू देत नाही. सुरुवातीला ताट वाढून चौकटीशी उभी राहायची. मी हात धरून बसवायचे, ती परत उठायची. यातच काही वर्षं गेली. हल्ली बसते, माझ्याबरोबरच जेवते, पण माझा पहिला घास जाईपर्यंत तिचा हात ताटात थांबलेला असतो. मी रोज म्हणते, "मस्त झाली भाजी," मग तिचा हात हलतो.

सरपंचाला पाठवायचं ते वेगळं लिहीन. कष्टाळू, मायाळू, सगळं लिहीन, त्यात खोटं काही नाही. हा कागद मात्र इथेच राहील. कारण आज भाजीत मीठ खरंच कमी होतं बाबा. ताट समोर आलं तेव्हाच मला वासावरून कळलं. मी भात कालवला, म्हटलं, "मस्त झाली," आणि सगळं संपवलं. हे मी आईला सांगणार नाही, आणि तुम्हाला तर मुळीच नाही.