सायलेन्सरच्या तोंडावरचे काळे तेल

बालाघाट, मंगळवार, संध्याकाळ

डिझेलवर चालणारे नवे वेल्डिंग मशीन आणून तीन दिवस झाले, आणि आजही सायलेन्सरच्या तोंडावर काळे तेल. नव्या इंजिनाला हे शोभत नाही. विक्रेत्याने जुनेच इंजिन रंगवून दिले असावे. त्याचे हसणे मला दुकानातच खटकले होते. मशीन परत घ्या, असे खरमरीत पत्र लिहून पाकीट बंद केले.

माझी चूक? अशक्य. सुरुवातीला जास्त भार देऊ नये, असे पुस्तिकेत आहे. मी तर अजिबातच दिला नाही. रोज चार तास नुसते चालू ठेवले.

आमचे वेल्डर सुखदेवभाऊ आज हसले. "म्याडम, एवढं शिकल्या ना! रिकामं चालवून राह्यल्या, मंग डिझेल पुरतं जळन कसं? काहून उपाशी ठेवता त्याले? कामाले लावा!" त्यांनी खैरलांजीच्या धान-गोदामाच्या फाटकाच्या सळ्या जोडायला घेतल्या. तासाभरात धूर निवळला. मी पांढरा रुमाल फिरवून पाहिला. काळे तेल जवळजवळ नाहीच.

जवळजवळ. म्हणून पत्र फाडलेले नाही. पाकीट मात्र उघडले, आणि सहीखालची अभियांत्रिकीची पदवी खोडली.