पाकिटाच्या मापाचा खिसा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा टेलरकाम. ओळखणारे सगळे मला मास्तर म्हणतात. माझा हात थरथरतो, डोके अजून थरथरत नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचे दडपण नाही. धाकट्या मुलाने थोडे आणून पाहिले, ते पुढे येईलच. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे ते मी राजीखुशीने लिहून ठेवत आहे.

१. सात वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. त्यात "माझे संपूर्ण घर माझ्या निर्व्यसनी धाकट्या मुलास" असे वाक्य होते. निर्व्यसनी हा शब्द कशाला, असे वकिलांनी तेव्हा विचारले होते. "राहू द्या, थोरल्याला कळायला हवं," असे मी म्हणालो होतो. तो शब्द मी मागे घेतो. कारण पाचव्या कलमात आहे.

२. शिलाई मशीन, तिन्ही कात्र्या आणि कापायचे टेबल काजे-बटणे करणाऱ्या बाईंना द्यावे. वीस वर्षे त्यांनी माझा तिरसटपणा सोसला. मशीनला दर शनिवारी तेल घालावे. त्या घालतातच, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. समोरच्या टेलरला मात्र माझी सुईसुद्धा मिळू नये. "मास्तरांना आता दिसत नाही" असे सांगून त्याने माझी तीन गिऱ्हाइके पळवली. मला दिसते.

३. पितळी वाटी नातीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला. तीत ती टाचण्या ठेवते. वाटीच्या कडेला चार खाचा आहेत. "आजोबा, या खाचा कशाला?" असे तिने विचारले तेव्हा मी "दोरा अडकवायला" म्हणालो. खोटे बोललो. ती राखदाणी आहे आणि त्या खाचांत जळती सिगारेट टेकवतात. पंधरा वर्षांच्या मुलीला राखदाणी ओळखता आली नाही, याचा मला झालेला आनंद तिच्या पहिल्या नंबरापेक्षा मोठा होता.

४. मापांच्या वह्या, एकूण एकतीस. या कोणालाच नको असणार, तरी लगेच रद्दीत घालू नयेत. हे मृत्युपत्र बदलण्याचे कारण त्यांत आहे.

शर्टाचा वरचा खिसा मी सिगारेटच्या पाकिटाच्या मापाने कापायचो. त्याचा पुठ्ठ्याचा साचा होता. तसा खिसा हवा असेल तर वहीत नावापुढे 'पा' लिहायचो. जुन्या वह्यांत पानेच्या पाने 'पा' आहेत. मग कायदे आले, एकदम नाही, एकामागून एक. कचेरीत आणि गाडीत ओढायला बंदी झाली. अठराच्या आतल्यांना विकायला बंदी झाली. सुटी सिगारेट मिळेनाशी झाली, आणि अख्खे पाकीट घ्यायचे तर भाव वाढलेले. पाकिटावर सडलेल्या तोंडाचे चित्र आले तेव्हा एक हेडक्लार्क मला हळूच म्हणाले, "मास्तर, खिशाला आतून अस्तर लावा. पांढऱ्या शर्टातून ते चित्र दिसतं, घरी मुलं घाबरतात." मी अस्तर लावले. दोन वर्षांनी तेच गृहस्थ म्हणाले, "लहानच ठेवा, पेनापुरता."

गेल्या महिन्यात वह्या आवरताना मी सहज बाप आणि मुलगे जोडीने काढून पाहिले. बापापुढे 'पा', मुलापुढे काही नाही. सगळीकडे नाही, पण बहुतेक घरांत. मुले शहाणी निघाली असे म्हणायला माझी हरकत नव्हती. पण या मुलांना मी हाफ पँटपासून ओळखतो. बापांपेक्षा ती काडीचीही शहाणी नाहीत. ती फक्त उशिरा जन्मली. मग मला माझ्या घरातली दोन मुलांची जोडी आठवली आणि मी वही मिटली.

५. आता कबुली. माझे दोन्ही हात मशीनवर असायचे. थोरला सहा-सात वर्षांचा असल्यापासून मी त्याला हाक मारायचो, "पेटवून आण रे." तो आत जाऊन स्टोव्हवर सिगारेट पेटवायचा आणि माझ्या ओठांत आणून द्यायचा. आतून बाहेर येईपर्यंत ती पेटती ठेवायची तर वाटेत एक झुरका घ्यावाच लागतो. हे मला माहीत होते. त्याच्या आईने दोनदा सांगितले होते, मी कानाडोळा केला. सोळाव्या वर्षी तो मागच्या गल्लीत ओढताना सापडला तेव्हा मी त्याला लाकडी पट्टीने मारले. पट्टी मोडली. त्याची आई मधे पडली नसती तर मी थांबलो नसतो.

धाकटा अकरा वर्षांनी लहान. तो आठ वर्षांचा असताना मी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेट आणायला पाठवले आणि तो हात हलवत परत आला. मी तावातावाने गेलो. "मुलगा माझा, पैसे माझे, तुझं काय जातं?" दुकानदार म्हणाला, "मास्तर, बोर्ड वाचा. पोराच्या हातात देणार नाही. तुम्ही स्वतः या." मी त्याला नाही नाही ते बोललो आणि चार वर्षे त्याचे तोंड पाहिले नाही. पुढे कामाच्या जागी ओढायची नाही अशी पाटी माझ्याही दुकानात लागली. मग मी पायरीवर जाऊन स्वतःची स्वतः पेटवू लागलो. धाकट्याने माझी सिगारेट कधी हातातसुद्धा धरली नाही. साठीला मी सोडली आणि लोकांना उपदेश करू लागलो. करून करून भागले आणि देवपूजेला लागले, त्यातली गत.

तो दुकानदार आता नाही. त्याच्या मुलीला माझा निरोप द्यावा की तिच्या बापाने माझा धाकटा वाचवला, आणि मी त्याला शिव्या दिल्या.

एकाला मी निर्व्यसनी म्हणत आलो, दुसऱ्याला वाया गेलेला. पाहुण्यांसमोर म्हणालो, त्याच्या बायकोसमोर म्हणालो. दोघांच्या मधे एक कायदा आला होता, आणि मी जन्मतारखेला संस्कार समजलो. ज्याला मी व्यसनी ठरवले तो मुळात माझे ऐकणारा मुलगा होता. धंद्यात मी कधी मापात पाप केले नाही. घरात केले.

६. घर. खालचे दुकान, मागची खोली आणि न्हाणीघर थोरल्याला. वरच्या दोन खोल्या आणि गच्ची धाकट्याला. थोरला बस चालवायचा. आता फुफ्फुसांमुळे घरी बसला आहे आणि तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. तीन वर्षांपूर्वी त्याने ओढणे सोडले, पण गेलेला दम परत आला नाही. प्रत्येक जिन्यावर तो दोनदा थांबतो.

धाकट्याला खाली गणिताचा क्लास काढायचा होता. मी त्याला हे सांगितले तेव्हा तो भडकला. "म्हणजे न ओढल्याची मला शिक्षा?"

"शिक्षा नाही रे," मी म्हणालो. "बक्षीस परत घेतोय."

तो पाय आपटत वर गेला. तिसऱ्या दिवशी खाली आला आणि मशीनजवळ उभा राहून म्हणाला, "क्लास गच्चीत घेईन. दादाला जिने चढवत नाहीत." मुले चांगली निघाली. यात कोणी माझे श्रेय शोधू नये.

७. हे मृत्युपत्र मी मेल्यावर पहिल्यांदा वाचले जावे, हे मला पटेना. म्हणून सही करण्याआधी आज सकाळी थोरल्याला बोलावून पाचवे कलम मीच वाचून दाखवले. तो खाटेवर बसून ऐकत होता. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "चुकलो रे मी. तुला काय म्हणायचंय ते बोल, मी लिहून घेतो."

त्याला दम लागला होता. थोडे थांबून तो म्हणाला, "बाबा, मला ते काम आवडायचं. दिवसभरात तुम्ही मान वर करून माझ्याकडे तेवढ्यासाठीच बघायचात."

हे त्याच्या परवानगीने इथे लिहिले आहे. या मृत्युपत्रात माझ्याकडून आणखी भर नाही.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: नऊ, सोमवार, दुपारी बारा

सही: मास्तर

आम्हा दोघांच्या समक्ष मास्तरांनी सही केली. सही करताना ते रडत होते, पण शुद्धीवर होते.

साक्षीदार पहिला: गल्लीतले डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरा: शेजारचा इस्त्रीवाला (सही)