हुक कुठे अडकवायचा

दादा,

तू गाल फुगवून बसलायस, म्हणून लिहितेय. त्या दिवशी रंगकामाच्या चाकांवरच्या लिफ्टच्या पाळण्यात उभा राहून तू सेफ्टी बेल्टचा हुक इमारतीच्या तुळईला अडकवलास. वर म्हणालास, "इमारत थोडीच हलणार आहे?" मी खालून मशीन बंद केलं. पाळणा खाली आला असता, तर तू तुळईलाच लटकत राहिला असतास. पण धाकट्या बहिणीने चारचौघांत अडवलं, हे तुला लागलं. बेल्ट माझ्यापुढे टाकून तू घरी गेलास.

आज रंगकामाला मी वर होते. हुक पाळण्याच्याच कडीत होता. लिफ्ट पुढे सरकताना चाक खड्ड्यात गेलं आणि असा हिसका बसला, की माझे पाय पाळण्याच्या तळापासून सुटले. बेल्टने मला आत धरून ठेवलं. आईला मी फक्त रंगाचा डबा सांडल्याचं सांगितलं.

हे पत्र तुला देणार नाही. तुला वाटेल, मी जिंकल्याचं कळवतेय. उद्या सकाळी बेल्ट घालूनच तुझ्या दारात येईन आणि म्हणेन, पाठीवरच्या पट्ट्याला पीळ पडलाय, जरा सरळ करून दे.

माझा हात खरंच पोचत नाही रे तिथे.

तुझीच,
ठेंगू