निळ्या गाडीचं कपाळ

उदगीर,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. वीरेश यास अव्वाचे अनेक आशीर्वाद. सूनबाई ऋतुजाची सर्दी गेली का? इथं सगळं क्षेम आहे. तूरडाळ करून ठेवली आहे, तुमचा डबा वेगळा भरला आहे. फोनवर तू माझं वाक्य अर्ध्यात तोडतोस, म्हणून यावेळी कागदावर लिहिते. इथं मला कुणी अडवत नाही.

सांगायचं म्हणजे, तुझ्या अप्पांची व्हॅन मी घरीच रंगवली. रोलरनं. हसू नकोस, आधी पुढं वाच.

२३ तारखेच्या रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो, गाडी विकून टाकू आणि तू माझ्यासोबत पुण्याला चल, असं तू महिन्याभरापूर्वीच म्हणालास. त्या गाडीचा अवतार तुला माहीत होता. अप्पा लिंगैक्य झाल्यापासून ती अंगणात उभी, चाकांवरचा पत्रा गंजलेला, दारांचे पापुद्रे सुटलेले. पेंटर म्हणाला, दोन महिने हात रिकामा नाही. मग मी मल्लिनाथच्या रंगाच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "काकू, गाडी हाय ती, भिंत न्हाई. रोलर कुठं लावायलाव?" मी म्हटलं, "तू डबा दे, रोलरचं मी बघते." रंग तोच गर्द निळा घेतला. दुसरा लावला तर आरटीओत कागद बदलत बसावं लागतं.

पहिला हात जाड मारला आणि तोंडावर पडले. पत्रा संत्र्याच्या सालीसारखा झाला, दारावर ओघळ आले. सगळं पाणीपेपरनं घासून काढलं. मग जमलं. रंग ताकासारखा पातळ करायचा, स्पंजच्या रोलरला जेमतेम पाजायचा, आणि हात असा द्यायचा की खालचं दिसत राहावं. वाळला की ओल्या पेपरनं घासायचं, पुन्हा हात द्यायचा. कडेला आणि मुठीपाशी ब्रश. जन्मभर धिरडी घातली मी, पातळ पसरायला मला कुणी शिकवायला नको. आता त्या दारात बघून वेणी घालता येते. मल्लिनाथ मुद्दाम बघायला आला आणि दारावरून दोनदा हात फिरवून चहा पिऊन गेला.

एक घोटाळा मात्र झाला. दर सोमवारी पूजा झाली की अप्पा गाडीच्या कपाळावर, पुढच्या काचेखाली, तीन बोटांनी विभूती ओढायचे आणि मगच चावी लावायचे. ते गेल्यावर गाडी हलत नव्हती, तरी मी ते चालू ठेवलं होतं. शेवटचा हात दिला तो या महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी. सोमवारी सकाळी सवयीनं गेले आणि तीन बोटं ओढली. रंग अजून चिकट होता. विभूती त्यात बसली, बोटंही उमटली. मी तिथंच पायरीवर बसून रडले. अप्पा गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते.

शेजारची गुरम्मा धावत आली. मी घासायला पेपर घेतला तर तिनं हातच धरला. म्हणाली, "राहू दे की. आजवर मालकाची गाडी होती. आता तुझी बोटं लागली."

त्या रेघा मी तशाच ठेवल्या.

तेव्हा गिऱ्हाईकाला बरी दिसावी म्हणून हा खटाटोप केला असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. वीरेश, पावसाळ्यात मी गुरम्माला सोबत घेऊन मोटार शिकायला जात होते. लायसन्स दिवाळीआधी मिळालं. तुला सांगितलं नाही, कारण तू काळजीनं नको म्हणाला असतास आणि तुझं नको माझ्याच्यानं मोडवत नाही. रंग वाळल्यावर गाडीची बॅटरी बदलून घेतली आणि मागच्या बाजाराला आम्ही दोघी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी विकायला घेऊन देगलूरला जाऊन आलो. मी चालवली. एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून डोकं उठवलं, पण मी घाबरले नाही. बाजारात एका बाईनं तेलुगूत काही विचारलं, गुरम्मानं कानडीत उत्तर दिलं आणि तिनं चटणी घेतली. दुपारीच टोपल्या रिकाम्या.

तू माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीस, त्यात देवघर केलंस, हे ऋतुजानं सांगितलं तेव्हा जीव भरून आला. तुझ्यासारखा मुलगा मिळाला याचा मला अभिमान आहे. पण तुम्ही दोघं कामाला गेलात की त्या खोलीत मी दाराकडं बघत बसणार, आणि तसं बसायला मला आवडणार नाही. मी पुण्याला राहायला येणार नाही. सणावाराला येईन, हक्कानं येईन, आणि इथं परत येईन. हे वाचून तुला वाईट वाटेल. मलाही लिहिताना वाटलं, पण लिहिलं.

गिऱ्हाईकाला नाही म्हणून सांग. तू मात्र रविवारी नक्की ये. बसस्टँडवर रिक्षा करू नकोस, मी गाडी घेऊन उभी असेन. आणि सवयीनं उजव्या दाराशी येऊ नकोस, चावी मिळणार नाही.

डावीकडं बस.

तुझी,
अव्वा