माझा उन्हाळा घे

२ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! बस खिंडीत वळली तर समोरचा सगळा उतार माशांनी भरलेला. लाकडी मांडवांवर जोडीजोडीने टांगलेले ह्वांगते, तोंडं वासलेली, अंगावर बर्फाची पूड. रात्री गोठायचं, दिवसा जरा सैलावायचं, असं करत ते एप्रिलपर्यंत वाळतात. मधेच ऊब आली की सगळा माल नासतो. मालक नामगुंग साहेबांनी हे मला नाव विचारायच्या आधी सांगितलं. साठीचे आहेत, गाल लालबुंद आणि आवाज असा की मांडवावरचा बर्फ खाली यावा.

ऑफिसात सगळ्यांत नवी मी आणि सगळ्यांत लहानही मीच, त्यामुळे दुपारपर्यंत माझं नाव 'शेंडेफळ' पडलं. कुणीही हाक मारावी आणि मी ओ देत पळावं. कॉफी झाली, खुर्च्या लावून झाल्या, ट्रकवाल्या बोंग काकांचे शिळे विनोद ऐकून हसूनही झालं. माझ्या टेबलावर आधी सेजून नावाचा मुलगा बसायचा. त्याला इथली हवा मानवली नाही म्हणे.

हिशेब बघणाऱ्या प्यो ताई मात्र माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. त्यांच्या टेबलावर शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीचा फोटो आहे, पुढे एक संत्रं. तुमची मुलगी का, विचारलं, तर बहीण म्हणाल्या आणि फाइल उघडून बसल्या.

राहायला ऑफिसच्या मागचीच खोली मिळाली आहे. तीन महिने उमेदवारी, मग कायम. मला कायम व्हायचंच आहे. आईच्या दुकानात परत जाऊन मुळे धुवायची माझी अजिबात तयारी नाही.

११ फेब्रुवारी

चांद्र नववर्षाला घरी आले. धाकटा हानूल आता केवढा उंच दिसतोय! सतरा वर्षांचा घोडा, पण मी स्वयंपाकघरातून हाक मारली की अजून घरभर ऐकू जाईल असा 'हो ताई' करतो.

वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला मी दर वर्षी त्याला फसवायचे. सूर्य उगवायच्या आत कुणाला तरी नावाने हाक मारायची, त्याने ओ दिली की म्हणायचं, माझा उन्हाळा घे! मग वर्षभराचं उकडणं त्याच्या नावावर. लहानपणी रडायचा बिचारा. नंतर नंतर स्वतःच सगळं म्हणून मोकळा व्हायला लागला. मी नुसतं नाव घ्यायचा अवकाश, 'हो ताई, घेतला तुझा उन्हाळा!' म्हणतो आणि परत झोपतो. यंदा पौर्णिमेला मी इथे नसणार म्हटल्यावर आई म्हणाली, चला, पोराला एक उन्हाळा तरी सुखाचा जाईल.

१९ फेब्रुवारी

पौर्णिमेच्या आदल्या रात्री सगळ्यांनी चांदण्यात सोल्बोंग डोंगर चढायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. साहेब स्वतः पुढे असतात. बरोबर पाच धान्यांचा भात, अक्रोड, तांदळाची दारू. मला नवे बूटही मिळाले. शेंडेफळ रांगेत शेवटी चालतं, असं बोंग काकांनी बजावलं आणि वाघ मागूनच येतो म्हणून वर डोळा मारला.

संध्याकाळी प्यो ताईंनी मला भांडी घासायच्या जागी गाठलं. डोंगरावर कुणीही नावाने हाक मारली तर ओ देऊ नकोस, म्हणाल्या. साहेबांनी मारली तरी? तरी. ऐकलंच नाही असं दाखव. एवढं बोलून निघून गेल्या.

मी काय दूधखुळी आहे? नव्या पोरीने मालकाच्या हाकेला ओ दिली नाही, तर ती कायम होईल का? यांना मी नकोशी झाले आहे, दुसरं काही नाही. वय झालं की काही बायका अशाच आंबतात.

२४ फेब्रुवारी, दुपार

इतकी मजा मी जन्मात केली नव्हती. सगळं लिहून ठेवते.

काल रात्री निघालो तेव्हा चांदणं असं की कुणाला दिवा लावायची गरज पडली नाही. बर्फात फक्त बुटांचा आवाज. थंडीने माझ्या पापण्या चिकटत होत्या. अर्ध्या चढावर पुढून साहेबांची हाक आली, दानबी! मी घसा फोडून ओ दिली. लगेच वरून, माझा उन्हाळा घे! सगळी रांग खो खो हसली. मला इतकं आपलं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग बोंग काका. मग मांडवावरच्या बायका, एकेक करून. प्रत्येकीला मी ओ दिली. न देऊन सांगते कुणाला!

चढून चढून मला गरम व्हायला लागलं. आधी मफलर काढला, मग जाकीट. बाकीचे मात्र गळ्यापर्यंत चेन ओढून घेत होते. बोंग काकांचे दात वाजत होते, पण चेहरा कसा खुलला होता.

माथ्याजवळ एक सपाट कातळ आहे. सगळीकडे गुडघाभर बर्फ आणि त्या कातळावर मधोमध कोरडा काळा पट्टा, माणूस आडवा मावेल एवढा. शेकोटीची जागा असणार. साहेबांनी तिथे दारू ओतली, वाकून नमस्कार केला, आणि पोरगा फार गुणी होता म्हणाले. कोण ते मी विचारलं नाही.

प्यो ताई सबंध रात्र माझ्या पुढेच चालत होत्या, पण त्यांनी एकदाही हाक मारली नाही. उजाडायला आलं तेव्हा साहेबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या वळल्या. इतक्या हळू म्हणाल्या की मला ओठांवरूनच कळलं. दानबी. मी हो ताई म्हटलं. त्यांना पुढचं वाक्य धड बोलता आलं नाही, रडत होत्या. म्हटलं, बाईला आता पश्चात्ताप होतोय. गंमत म्हणून मीही विचारलं, आता मी कुणाला विकू? साहेब हसले. थोरांना नावाने हाक मारायची नसते, म्हणून वर विकता येत नाही, खालीच विकायचा, म्हणाले. आणि माझ्या खाली तर कुणीच नव्हतं.

२६ फेब्रुवारी

खोलीच्या जमिनीखालची ऊब बंद केली तरी उकडतंय. खिडकी सताड उघडी ठेवून झोपले. सकाळी खिडकीखालचा बर्फ वितळलेला, खालचं गवत दिसत होतं.

दवाखान्यात तापमापकाची काच फुटली. डॉक्टरने दुसरा काढलाच नाही. कुठे काम करतेस विचारलं, मी सांगितलं, तर पैसे न घेता दार उघडून उभा राहिला.

ऑफिसात सगळे फार प्रेमाने वागतात. मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी आणून देतात, पण वाडगा दारातच ठेवतात. मांडवाकडे फिरकायचं नाही असं सांगितलंय. काल मी ज्या मांडवाखाली उभी होते तिथले मासे मऊ पडले. बाकी थंडी झकास आहे, असा माल बऱ्याच वर्षांत नव्हता, असं साहेब खिडकीबाहेरून ओरडून सांगून गेले. मला कायम केलंय. पत्र दाराखालून सरकवलं.

मी कायम झाले आणि मला आनंद होत नाहीये.

२८ फेब्रुवारी

प्यो ताई आल्या होत्या. उंबऱ्याबाहेर बसून सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्या रात्री डोंगरावर विकलेला उन्हाळा खराच असतो. सगळ्यांचा मिळून एकाच्या अंगात राहतो. म्हणून इथे थंडी टिकते, मासा वाळतो, गाव जेवतं. अमावास्येच्या आत आपल्याहून लहान माणसाला विकला तर सुटका. नाहीतर तो कातळ. गेल्या वर्षी सेजूनला विकायला कुणी नव्हतं. एकुलता एक होता. शेवटी साहेबांनीच त्याला वर नेऊन निजवलं. तिथे बर्फात जीव जरा शांत होतो म्हणे, थोडा वेळ.

मी विचारलं, तुम्ही कुणाला विकला? मला एकदम बहिणीच्या फोटोपुढचं ते संत्रं आठवलं.

मग मी किंचाळले की तुम्ही तरी मला कसा विकलात! त्या म्हणाल्या, मी आधी सांगितलं होतं तुला. आणि खरंच सांगितलं होतं. भाऊ आहे ना तुला, एवढं विचारून उठल्या.

१ मार्च

गादीवर माझ्या आकाराचा डाग. आधी पिवळा होता, आज तपकिरी.

हानूलचे फोन येतायत. उचलत नाही. उचलला की पहिला शब्द तोंडातून त्याचं नावच निघणार, सवयच आहे जिभेची. फोन बादलीत टाकला. पाणी कोमट झालं.

त्याला नाही. आणखी कुणालाही, पण त्याला नाही. गावात लहान पोरं आहेत, त्यांची नावं मला माहीत नाहीत. नावं विचारायला बाहेर पडले, तर रस्त्यातल्या बाया पोरांच्या तोंडावर हात दाबून त्यांना घरात घेऊन गेल्या. त्यांना सगळं ठाऊक आहे. आणि मीही नाव विचारायला निघालेच होते की. देवा.

४ मार्च

केस गळतात, जळका वास येतो. दात गरम आहेत— दात! पाणी प्यायलं की पोटात चर्र होतं.

साहेब दाराबाहेर. वर जायची वेळ झाली की सांग, मी स्वतः नेईन, म्हणाले. बोंग काका मागे उभे. आज विनोद नाही.

ठीक आहे. कातळ तर कातळ. घरी कळवू नका म्हटलं.

६ मार्च

आज रात्री नेणार. आता भीती फक्त—

दार वाजतंय. साहेब एवढ्या लवकर—

साहेब नाहीत. तो आलाय. हानूल. आईने लोणचं दिलंय म्हणतो. फोन का उचलत नाहीस. साहेब भले माणूस आहेत, बसथांब्यावरून त्यांनीच गाडीतून आणलं म्हणतो. त्यांनीच फोन करून बोलावलं.

त्यांनीच.

बोलणार नाही. तोंडात उशीचं टोक कोंबलंय. कडी लावली आहे, कडी हाताला चिकटते. तो दार ढकलतोय, हसतोय, रागावलीस का विचारतोय.

जात नाहीये. तोंड उघडलं तर नावच येईल. लिहून देते. पान फाडून दाराखालून—

दिलं. 'हानूल, आत्ताच्या आत्ता घरी जा.' एवढंच लिहिलं. कागद कडेला तपकिरी झालाय, पण वाचता येईल. उचलला त्याने. वाचतोय, मोठ्याने, शाळेतल्यासारखा, पहिलाच शब्द, मी लिहिलेलं त्याचं नाव—

हो ताई, म्हणाला.

हो ताई, घेतला तुझा उन्हाळा. हसत हसत म्हणाला.

थंडी वाजते आहे.

हात गार. जमीन गार. खिडकीतून बर्फ आत येतोय आणि माझ्या हातावर तसाच राहतोय. किती बरं वाटतंय, देवा, किती— नाही. नाही नाही नाही

बाहेर विचारतोय, ताई, तुमच्याकडे बर्फात एवढं उकडतं कसं. जाकीट काढतोय. चेनचा आवाज आला.

ओरडून सांगितलं, मला हाक मार, उन्हाळा परत मला विक, नावाने हाक मार, मी ओ देते! थोरांना विकता येत नाही असं साहेब काही म्हणोत, नाव घे माझं! कडी निघत नाही, बोटं थंडीने वळत नाहीत. तो ताई म्हणतोय. ताई, काय झालं, म्हणतोय. नावाने रे, दानबी म्हण! अगं, ताईला नावाने कशी मारू हाक, म्हणतो आणि हसतो. ताई. ताई. जन्मात त्याने मला कधी नावाने—